झटका, जर्क आणि कानाने लिहिलेला इतिहास

१/
मराठीत झटका, इंग्रजीत जर्क. दोन्ही शब्द तोंडात जवळजवळ एकाच जागी जन्मतात, दोन्हींच्या शेवटी ‘क’ आहे, आणि दोन्हींचा अर्थही एकच : अचानक, तुटक, अंग हादरवणारी हालचाल. योगायोग एवढ्यावर थांबत नाही. महाराष्ट्रात मटणाच्या काही दुकानांवर ‘झटका’ अशी पाटी असते आणि इंग्रजीत ‘जर्क’ नावाचे मांसही असते. नाद जुळला, अर्थ जुळला, ताटातला पदार्थही जुळला. हा शब्द इंग्रजांनी इथूनच नेला, असे म्हणायला आणखी काय हवे?

२/
हवे ते सगळेच. वरच्या परिच्छेदात पुरावा म्हणावा असे एक अक्षरही नाही. तरी तो वाचताना मनाला गुदगुल्या होतात, आणि नेमकी हीच गुदगुली समाजमाध्यमांवरच्या निम्म्याअधिक ‘व्युत्पत्तीं’चे भांडवल आहे. इतिहासाची आवड असलेल्या तरुणांनी हा एकच शब्द नीट उलगडून पाहावा. तो क्षुल्लक दिसतो खरा. पण अशाच क्षुल्लक शब्दांच्या आधारे साम्राज्ये उभारणारे लोक आजूबाजूला आहेत.

३/
पहिली कसोटी तारखेची. ‘जर्क’ इंग्रजी लेखनात १५५० च्या सुमारास दिसू लागतो, आणि त्या वेळी त्याचा अर्थ ‘झटका’ असा नाहीच. त्याचा अर्थ आहे चाबकाचा फटका. एखाद्याला ‘जर्क’ करणे म्हणजे त्याला फटकावणे. चाबूक ओढणाऱ्या हाताची हालचाल, मग कोणतीही अचानक ओढ, मग कोणताही हिसका, असा अर्थाचा प्रवास पुढच्या तीस-चाळीस वर्षांत झाला. म्हणजे ज्या अर्थसाम्यावर सारी इमारत उभी करायची, ते साम्य शब्दाच्या जन्माच्या वेळी अस्तित्वातच नव्हते. आजचा अर्थ मागे नेऊन सोळाव्या शतकाला चिकटवणे ही व्युत्पत्तीतली सर्वांत सामान्य लबाडी आहे. पुष्कळदा ती करणाऱ्यालाही कळत नाही.

४/
या शब्दाचा एक भाऊही आहे : यर्क. तो आणखी जुना, पंधराव्या शतकातला, आणि चांभाराच्या रापीजवळ वाढलेला. जोडा शिवताना दोरा घातला की दोन्ही हातांनी तो झटकन ताणून टाका घट्ट करायचा, या ताणण्याला इंग्रज चांभार ‘यर्क’ म्हणत. शेक्सपिअरच्या नाटकांतही हे रूप येते : ‘ऑथेल्लो’त बरगड्यांखाली शस्त्र खुपसण्यासाठी, ‘पाचवा हेन्री’मध्ये जखमी घोड्यांच्या लाथांसाठी. टाका, फटका, लाथ. राजदरबारापासून आणि धर्मग्रंथांपासून पुष्कळ दूरचा, हातापायांनी काम करणाऱ्यांचा हा शब्द आहे. उगमाच्या कथा मात्र नेहमी ऋषींच्या आश्रमातून किंवा राजाच्या शिक्क्यातून निघतात. चांभाराच्या दोऱ्यातून शब्द निघाला हे कुणाला फारसे रुचत नाही.

५/
आता याच्या शेजारी एक मराठी तारीख ठेवावी. भारतात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणजे जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स. ‘ख्रिस्तपुराण’ रचून मराठीची थोरवी गाणारा हाच तो. तो गोव्यात उतरला १५७९ मध्ये. ईस्ट इंडिया कंपनीची सनद १६०० ची, आणि विल्यम हॉकिन्स सुरतेला पोचला १६०८ मध्ये. स्टीफन्सने मराठीचे पहिले अक्षर ऐकण्याआधी जवळजवळ तीस वर्षे ‘जर्क’ इंग्रजीत छापला जात होता आणि चांभारांचा ‘यर्क’ तर शंभराहून अधिक वर्षे जुना झाला होता. ज्या जहाजाने शब्द न्यायचा, ते जहाज बंदरात यायच्या आधीच शब्द पलीकडच्या किनाऱ्यावर हजर आहे. साधे पंचांग पाहिले तरी खटला निकालात निघतो.

६/
इथे नेहमीचा वकील उभा राहतो. तो म्हणतो, जहाजाचे सोडा. संस्कृत आणि इंग्रजी एकाच कुळातल्या आहेत ना? मग हे नाते हजारो वर्षांपूर्वीचे असेल.

एकाच कुळातल्या आहेत, हे पूर्ण खरे. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सने या कुळाकडे लक्ष वेधले, आणि १८२२ मध्ये याकोब ग्रिमने त्यातल्या ध्वनिबदलांचा नियम तपशिलाने मांडला. पण नियम या शब्दावर जोर द्यायला हवा. संस्कृतातल्या ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येतो : पितृ आणि फादर, पाद आणि फूट. ‘द’च्या जागी ‘ट’ येतो : द्वि आणि टू, दश आणि टेन. हे एकदा घडत नाही, शब्दामागून शब्दांत घडते. नाते सिद्ध होते ते या शिस्तीमुळे. कानाला गोड लागल्यामुळे नव्हे.

७/
किंबहुना जे शब्द कानाला अगदी सारखे लागतात, त्यांच्याविषयी अभ्यासक अधिक सावध असतो. बदनाम, बदफैली, बदसूर यांतला फारसी ‘बद’ घ्यावा. इंग्रजी ‘बॅड’शी उच्चार जुळतो, अर्थ तर तंतोतंत जुळतो, आणि दोन्ही भाषा एकाच कुळातल्या. तरीही या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तो निव्वळ योगायोग आहे. उलट संस्कृत ‘चक्र’ आणि इंग्रजी ‘व्हील’ समोरासमोर उभे केले तर कुणी त्यांना शेजारीही म्हणणार नाही, पण ते सख्खे भाऊ आहेत. कानाला न्यायाधीश केले की ‘बद’ घरात येतो आणि ‘चक्र’ घराबाहेर जाते.

८/
मग झटका आणि जर्क या शिस्तीत बसतात का? बसत नाहीत, आणि त्याचे कारण मोठे रंजक आहे. संस्कृतात ‘झ’ने सुरू होणारे शब्द फारच थोडे, आणि जे आहेत त्यांतले बहुतेक नादानुकारी किंवा बोलीभाषांतून वर आलेले. ‘झटिति’, म्हणजे तत्काळ, हा त्यांतलाच एक. मराठीतले ‘झट’, ‘झटकन’, ‘झटका’ याच गोतावळ्यातले. इंग्रजीकडे पाहावे, तर तिथेही शब्दाच्या आरंभीचा ‘ज’ हा जुन्या जर्मानिक ठेव्यातला ध्वनी नाही. त्याने सुरू होणारे शब्द एक तर फ्रेंचमधून, लॅटिनमधून किंवा इतर भाषांतून आलेले, नाही तर नादावरून घडवलेले. जॅब, जॅग, जॉग, जोल्ट, जंप आणि जर्क : टोचणे, खुडणे, ढोसणे, हादरणे, उडी मारणे, हिसकणे. मध्ययुगाच्या अखेरीपासून हे शब्द एकामागून एक इंग्रजीत डोके वर काढतात, आणि यांतल्या बहुतेकांचे मूळ कोशकारांनी ‘अनिश्चित’ म्हणून नोंदवले आहे. ज्यांना कुळातले अतिप्राचीन भाऊ ठरवायचे, ते दोघेही आपापल्या घरातले तरुण सदस्य आहेत.

९/
‘अनिश्चित’ या एका शब्दाचा इथे आदर करायला हवा. इंग्रजीचे कोशकार अशा ठिकाणी ‘बहुधा नादावरून’ एवढे लिहून थांबतात. सॅम्युअल जॉन्सन थांबला नाही. त्याच्या १७५५ च्या प्रसिद्ध कोशात ‘जर्क’पुढे त्याने एक जुना सॅक्सन शब्द मूळ म्हणून ठेवून दिला, नाद थोडाफार जुळत होता, आणि इंग्रजांनाही आपले शब्द आपल्याच पूर्वजांचे ठरवण्याची हौस होती. आज तो उगम कुणी मानत नाही. जॉन्सनचा कोश मोठा आहे आणि जॉन्सनही मोठा आहे. त्याची चूक मात्र चूकच राहिली. इंग्रजी कोशशास्त्र पुढे गेले ते त्या चुकीची पूजा न केल्यामुळे.

१०/
नादानुकारी शब्दांचा विषय निघालाच आहे, तर मराठीच्या श्रीमंतीकडे एक नजर टाकणे योग्य होईल. इंग्रजी एका ‘जर्क’वर भागवते, मराठी भागवत नाही. दावणीला बांधलेला बैल दाव्याला हिसडा देतो. लहान मूल हातातली वस्तू हिसका मारून घेते. खड्ड्यात चाक गेले की एसटी गचका खाते. घागरीतले पाणी हिंदकळते. कुत्रा लचका तोडतो. मरणाच्या दारातला माणूस आचके देतो. विजेचा झटका बसतो आणि बिलाचाही झटकाच बसतो. पण बिलाचा गचका बसत नाही. दिशा, जोर, वस्तूचे वजन, हालचाल कुणी केली आणि कुणाला सोसावी लागली, हे सगळे त्या एकेका शब्दात मावलेले आहे. एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थला आपल्या मराठी-इंग्रजी कोशात या साऱ्या गर्दीपुढे इंग्रजीतले मोजके शब्द पुन्हापुन्हा वाढावे लागले. एवढी संपत्ती घरात असताना, परक्याच्या घरातले एक भांडे आपले आहे हे सिद्ध करण्यासाठी गल्लीभर आरडाओरडा कशाला करायचा?

११/
आता मांसाकडे. इथे गोष्ट नुसती चुकीची राहत नाही, अन्यायाची होते.

इंग्रजीतला मांसाचा ‘जर्क’ आणि हिसक्याचा ‘जर्क’ हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. लेखन एक, उच्चार एक, वंश निराळे. मांसाचा शब्द आला दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातून. तिथल्या केचुआ भाषेत वाळवलेल्या मांसाला ‘चार्की’ म्हणतात. लामाचे मांस कापून, मीठ लावून, दिवसाचे कडक ऊन आणि रात्रीची गोठवणारी थंडी यांच्या हवाली करायचे. ते वाळून हलके होते आणि महिनोन्महिने टिकते. इंका राज्याने रस्त्यांच्या कडेने कोठारे बांधली होती, आणि फौजेच्या व प्रवाशांच्या शिध्यात हे मांस असे. स्पॅनिश विजेत्यांनी सोळाव्या शतकात राज्य घेतले, सोने घेतले आणि शब्दही घेतला.

१२/
स्पॅनिश ‘चार्की’ कॅरिबियन बेटांवर इंग्रज खलाशांच्या कानी पडला. व्हर्जिनियाच्या वसाहतीतला कॅप्टन जॉन स्मिथ १६१२ मध्ये स्थानिक लोकांच्या अन्नाचे वर्णन करताना वेस्ट इंडीजमधल्या ‘जर्किन बीफ’चा दाखला देतो. इंग्रज जिभेला ‘चार्की’ अनोळखी होता आणि ‘जर्क’ ओळखीचा. परका शब्द ओळखीच्या साच्यात ओतला गेला. १६५५ मध्ये इंग्रजांनी स्पेनकडून जमैका घेतली. पुढे गुलामीतून निसटून तिथल्या डोंगरांत राहिलेल्या मरून लोकांशी, मसाला चोळून लाकडाच्या धुरावर भाजलेल्या मांसाची परंपरा जोडली गेली. आज जगभर मिळणारे ‘जर्क चिकन’ ते हेच. मांस भाजताना हिसका देऊन उलटतात म्हणून जर्क, अशी कथा तिथेही ऐकू येते. कानाने इतिहास लिहिणारे लोक प्रत्येक बेटावर असतात.

१३/
म्हणजे हा शब्द पराभूतांचा आहे. ज्यांचे राज्य बुडाले, ज्यांची कोठारे लुटली गेली, त्या लोकांच्या भाषेतला जो थोडा अंश जगाच्या तोंडी शिल्लक आहे, त्यात चार्की आहे. ‘झटका मटण’वाली चलाख कथा सांगणारा माणूस हसत-खेळत तो अंशही त्यांच्या हातून काढून घेतो. शिवाय अर्थाच्या अंगानेही ती कथा पोकळ आहे. झटका म्हणजे एका घावात जनावर मारण्याची पद्धत, चार्की म्हणजे मांस टिकवण्याची पद्धत. पहिला शब्द सुरीच्या क्षणाचा आहे आणि दुसरा उन्हाच्या अनेक दिवसांचा.

१४/
गंमत अशी की चार्कीचे खरे नाते महाराष्ट्रात शोधायचेच असेल, तर ते सापडते. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून साठवायच्या आणि अडीअडचणीच्या दिवसांत शिजवायच्या, हा प्रकार इथे ‘चान्या’ या नावाने माहीत आहे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने दलित स्वयंपाकघरांतली ही खाद्यसंस्कृती छापील पानावर आणली. चान्या आणि चार्की! नाद पुन्हा जुळतो, आणि पुन्हा त्यात काहीही अर्थ नाही. दोन दूरच्या मुलुखांत टंचाईने माणसांना एकच युक्ती शिकवली, एवढेच. पण ज्यांना जगभरच्या शब्दांत आपली संस्कृती दिसते, त्यांना शेजारच्या वस्तीतल्या दोरीवर वाळणारी ती पट्टी कधी दिसली नाही. हा दृष्टिदोष भाषाशास्त्रातला नव्हे.

१५/
‘जर्क’चे इतर अवतार झपाट्याने पाहता येतील. गुडघ्याखाली हलका ठोका मारल्यावर पाय उडतो, त्या प्रतिक्षेपाचे वर्णन जर्मन वैद्यांनी १८७५ मध्ये केले आणि इंग्रजीत त्याला ‘नी-जर्क’ म्हटले जाऊ लागले. आज विचार न करता दिलेल्या प्रतिक्रियेलाही तोच शब्द वापरतात. भौतिकशास्त्रात त्वरण ज्या दराने बदलते त्या दराला जर्क म्हणतात. लिफ्ट सुटताना पोटात जो गोळा येतो, त्याचे गणित या राशीवर चालते. भारोत्तोलनात खांद्यावरचे वजन डोक्यावर नेणारी उसळी म्हणजे जर्क. आणि अमेरिकी बोलीतली, मूर्ख किंवा नालायक माणसाला दिलेली ‘जर्क’ ही शिवी विसाव्या शतकातली. आडगावच्या फुटकळ रेल्वेगाड्यांना ‘जर्कवॉटर’ म्हणत, त्यावरून ती आली असावी असा एक तर्क आहे. तर्क म्हणूनच तो ठेवावा.

१६/
एका अवताराजवळ मात्र थांबायला हवे, कारण शब्द इतिहासाचे साधन कसा होतो हे तिथे दिसते. ऑगस्ट १८०१ मध्ये अमेरिकेच्या केंटकी प्रांतात केन रिज नावाच्या ठिकाणी हजारो लोक उघड्यावर धार्मिक मेळ्यासाठी जमले. त्या लाटेच्या पुढच्या काही वर्षांत केंटकी आणि टेनेसीच्या मेळ्यांतून एक विलक्षण प्रकार वारंवार नोंदला गेला. प्रवचन ऐकताना माणसांची डोकी, माना, मग सारी शरीरे आपोआप झटके देऊ लागत, आणि ते थांबवणे त्यांच्या हाती राहत नसे. लोकांनी त्याला नाव दिले : ‘द जर्क्स’. केन रिजचा धर्मोपदेशक बार्टन स्टोन याने त्याचे वर्णन लिहून ठेवले. लोरेंझो डाऊ या फिरत्या प्रवचनकाराने नोंदवले आहे की मेळ्याच्या जागी लहान झाडे छातीच्या उंचीवर तोडून खुंट ठेवले होते, झटके येणाऱ्यांना धरायला. आणि त्या खुंटांभोवतीची माती घोड्यांनी खुर आपटावेत तशी उकरली गेली होती.

१७/
पीटर कार्टराइट हा मेथडिस्ट धर्मोपदेशक १८५६ च्या आत्मचरित्रात सांगतो की त्याने एका वेळी पाचशेहून अधिक माणसांना असे झटके देताना पाहिले. रेशमी कपड्यांतल्या प्रतिष्ठित स्त्रियांच्या टोप्या, फण्या उडून जात, आणि मोकळे सुटलेले लांब केस गाडीवानाच्या चाबकासारखे कडाडत, असे त्याचे वर्णन आहे. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी ज्या चाबकातून हा शब्द निघाला, तो चाबूक इथे उपमा होऊन परत आला. कार्टराइटला व्युत्पत्ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्रात अंगात येणे, वारे येणे, घुमणे असे म्हणतात. त्या प्रत्येक क्रियापदात शरीरावर कुणाची सत्ता चालली आहे याचा एक सिद्धान्त दडलेला असतो. ‘जर्क्स’मध्ये तसा कोणताही देव किंवा वारा नाही. फक्त हालचाल आहे, आणि ती पाहून गोंधळलेला, काहीसा घाबरलेला शेजारी. इंग्रजीने क्वेकर आणि शेकर पंथांनाही थरथरण्या-हादरण्यावरूनच नावे दिली, आणि दोन्ही नावांची सुरुवात बाहेरच्यांच्या टवाळीतून झाली. शब्द असा तपासला की तो बोलू लागतो : कोण पाहत होते, कुठून पाहत होते, कोणत्या वर्षी.

१८/
आता ज्या सवयीविरुद्ध हे सारे लिहिले आहे, तिचे नाव घ्यायला हरकत नाही. मराठी वाचकांत ती रुजवण्यात पु. ना. ओक (१९१७–२००७) यांचा वाटा मोठा. ‘व्हॅटिकन’ म्हणजे ‘वाटिका’, ‘ख्रिश्चॅनिटी’ म्हणजे ‘कृष्णनीती’ अशा समीकरणांवर त्यांनी जगभर वैदिक साम्राज्य पसरल्याचे मांडले. व्हॅटिकन हे रोममधल्या तिबर नदीपलीकडच्या एका टेकडीचे नाव. सिसेरो आणि होरेस यांच्या लेखनात, म्हणजे येशूच्या जन्माआधीच, ते आढळते. तिथल्या दारूला मार्शल नावाच्या कवीने नावे ठेवली आहेत. या टेकडीपासून संस्कृत वाटिकेपर्यंत जाणारा एक शिलालेख, एक प्रवासी, मधले एक शब्दरूप? काहीही दाखवले गेले नाही. दाखवली गेली ती फक्त उच्चारातली जवळीक. त्या न्यायाने मराठी ‘नीट’ आणि इंग्रजी ‘नीट’ यांचे लग्न केव्हाच लागून जायला हवे होते. त्यांचा तर अर्थही जुळतो, आणि इंग्रजी ‘नीट’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला आहे हे पक्के ठाऊक आहे.

१९/
इथे एक प्रतिवाद केला जातो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. वि. का. राजवाडे यांच्यासारख्या थोर इतिहासकारानेही अशा व्युत्पत्ती केल्या नाहीत काय? केल्या. गावांची, माणसांची, आडनावांची मुळे संस्कृतात लावताना राजवाड्यांची प्रतिभा पुष्कळदा पुराव्याच्या पुढे धावली, आणि नंतरच्या अभ्यासकांनी ते स्पष्ट सांगितले आहे. पण राजवाडे आज आदरणीय आहेत ते त्या व्युत्पत्तींमुळे नव्हेत. गावोगाव पायपीट करून, दप्तरे उघडून, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापणारे राजवाडे आदरणीय आहेत. अस्सल कागदावाचून विधान करू नये, हा धडा महाराष्ट्राने त्यांच्याकडूनच घेतला. त्यांच्याच कसोटीवर त्यांच्या काही व्युत्पत्ती उतरत नाहीत. यात कसोटीचे यश आहे आणि गुरूचा अपमान मुळीच नाही.

२०/
या सवयीमागचे दुखणे मात्र समजून घ्यायला हवे. दीडशे वर्षे परक्यांनी इथल्या माणसाला सांगितले की तुझ्याकडे इतिहास नाही, विज्ञान नाही. त्या जखमेवर ‘त्यांचे सगळे मूळ आपलेच’ ही फुंकर बरी वाटते. पण त्यातली गुलामी पाहावी. मराठी शब्दाची थोरवी कशात? तर तो इंग्रजीत गेला यात! न्यायालय इंग्रजीचे, न्यायाधीश इंग्रजी, मराठी नुसती वारसा-प्रमाणपत्र हातात घेऊन रांगेत उभी. ‘हिसडा’ आणि ‘गचका’ यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही, कारण त्यांच्यासारखा ऐकू येणारा शब्द लंडनमध्ये नाही. लॉर्ड मेकॉलेला याहून अधिक समाधान कशाने मिळाले असते, ते सांगणे कठीण आहे.

२१/
शब्द खरोखर जातात तेव्हा पाऊलखुणा ठेवून जातात. ‘मुंगूस’ इंग्रजीत ‘मॉन्गूस’ झाला. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७० च्या दशकात कोकण किनाऱ्यावर आणि जुन्नरपर्यंत हिंडला. शिवकालाच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. १६९८ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा प्राणी या नावासह येतो. माणूस ठाऊक, प्रदेश ठाऊक, साल ठाऊक, आणि प्राणीही असा की तो इंग्लंडात नव्हता म्हणून नाव उसने घ्यावेच लागले. पुरावा असा दिसतो. त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही.

२२/
आणि झटका? तोही इंग्रजीत गेला आहे; पण ‘जर्क’ म्हणून नव्हे. मद्रास इलाख्याच्या गावांतून एका तट्टाची, दोन चाकांची भाड्याची गाडी धावत असे. दखनी बोलीत तिला, चपळ म्हणून, ‘झटका’ म्हणत. तेलुगू, कन्नड, तमिळ यांनी ते नाव उचलले, आणि स्टेशनाबाहेर तिची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या साहेबांनीही. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात तिची नोंद ‘जटका’ अशी आहे, दखनी मुळासकट, आणि गाडीच्या खिळखिळेपणाबद्दल एक तक्रारही सोबत आहे. पुढे रस्त्यांवर बस आल्या, मग ऑटोरिक्षा आल्या. गाड्यांबरोबर इंग्रजीतला तो शब्दही मागे पडला. आता तो जुन्या कोशांत, जुन्या प्रवासवर्णनांत आणि दक्षिणेतल्या वयस्कर माणसांच्या बोलण्यात भेटतो.